व्हरांड्याच्या छतास आकाशी रंग देणेबाबत

शेरेसाहेबांचं आडनाव शेरे नव्हतं. खरं आडनाव पगारपत्रकावर होतं आणि ते तिथेच राहिलं. एकतीस वर्षं मुख्य कार्यालयाच्या छाननी शाखेत बसून, समोर येईल त्या कागदावर त्यांनी लाल शाईत शेरा मारला, तेव्हा आधी कार्यालयाने आणि मागोमाग कर्मचारी वसाहतीने त्यांचं परस्पर नामकरण करून टाकलं. शेरेसाहेबांना ते आवडत असे. माणसाचं नाव त्याच्या कामावरून पडावं, आणि काम असं असावं की त्यावर दुसऱ्या कुणाला शेरा मारता येऊ नये, असं त्यांचं मत होतं. त्यांच्या गोपनीय अहवालात एकतीस वर्षांत एकही प्रतिकूल ओळ नव्हती. ही गोष्ट ते स्वतःहून कुणाला सांगत नसत. पण न सांगण्याची त्यांची पद्धत अशी होती की समोरच्याला ती पाच मिनिटांत कळे.

अशा माणसाच्या व्हरांड्याच्या छताला एका रविवारी सकाळी गांधीलमाशीने घर बांधायला घेतलं.

घर अजून शर्टाच्या गुंडीएवढंच होतं. वर एक बारीक देठ, खाली करड्या रंगाचे चार-पाच खण, आणि त्यांच्यावर एकटीच माशी, आपल्या कामात गढलेली. शेरेसाहेबांनी ते दाराच्या काचेतून पाहिलं. व्हरांड्याचं दार गेल्या वर्षापासून बंद होतं आणि त्याला वरच्या बाजूला वहीएवढीच काच होती. पाहिलं, आणि दाराची कडी नीट लागली आहे ना ते दोनदा तपासलं.

याचं कारण आक्का.

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. आई गेली तेव्हा शेरेसाहेब सहा वर्षांचे, पाठचा धाकटा तीनचा आणि आक्का सोळाची. दोघांना तिने वाढवलं. पाटीवर पहिलं अक्षर शेरेसाहेबांनी तिचा हात धरून काढलं, आणि ते वाकडं आलं म्हणून पहिला शेराही तिनेच मारला. तिचं स्वतःचं लग्न झालं, पण ते घर लवकर संपलं, आणि गेली बावीस वर्षं ती शेरेसाहेबांकडे होती. गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून तिचं सगळं जग व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत सामावलं होतं. इस्त्रीवाला किती वाजता गेला, शाळेची बस कुणासाठी थांबली, कुणाच्या घरी डॉक्टर आला, हे वसाहतीत लोक तिला विचारायला येत. संध्याकाळी सव्वासहाला शेरेसाहेब कोपऱ्यावर वळले की ती मान वर करी. हात हलवणं वगैरे काही नाही, नुसती मान वर. शेरेसाहेबही छत्री जराशी उचलत आणि मग उरलेला रस्ता चालत.

गेल्या वर्षी याच छताखाली तिला तीन गांधीलमाश्या चावल्या. एक पापणीवर, एक ओठावर, एक मानेवर. चेहरा असा सुजला की दवाखान्यात नाव लिहून घेणाऱ्याने वय विचारताना डोळे वर केले नाहीत. दोन दिवस ती तिथे होती. डॉक्टर म्हणाले, "पुन्हा चावली तर मी काही सांगू शकत नाही." त्या दिवसापासून दाराला कडी लागली. खुर्ची आत आली. आक्का बंद दाराकडे तोंड करून बसू लागली, आणि ती काच तिच्या डोक्याच्या दोन हात वर होती. शेरेसाहेब कोपऱ्यावर वळत तेव्हा आता कुणी बघत नसे. छप्पन्न वर्षांच्या, वर्ग दोनच्या कर्मचाऱ्याने एवढ्याचं वाईट वाटून घ्यावं का, हा प्रश्न त्यांनी स्वतःला रीतसर विचारला होता. उत्तर होकारार्थी आलं होतं.

धाकटा दुसऱ्या शहरात नवव्या मजल्यावर राहत होता. "आक्का, इकडे ये," तो दर रविवारी फोनवर सांगे. "आमच्याकडे डाससुद्धा दमून पोचतात. मोठी गॅलरी आहे, बसून राहा दिवसभर."

आक्का मागेच म्हणाली होती, "यंदा बघते. परत घर झालं त्या माश्यांचं, तर जाते धाकट्याकडे. बंद दाराकडे बघत मला जन्म काढायचा नाही." ती रागावून बोलली नव्हती. आक्का रागावली असती तर परवडलं असतं, कारण राग उतरतो. दिलेला शब्द ती फिरवत नसे. शेरेसाहेब नियमाचे एवढे पक्के झाले ते तिच्याच वळणावर जाऊन.

तेव्हा त्या गुंडीएवढ्या घराबद्दल शेरेसाहेबांनी घरात कुणाला सांगितलं नाही. रेनकोट चढवला, डोक्यावरून बायकोची ओढणी घेतली, हातात मोजे घातले आणि मागच्या बाजूने व्हरांड्यात शिरून झाडूच्या दांड्याने ते पाडलं. माशी दोन दिवस कुठेतरी जाऊन आली आणि तिसऱ्या दिवशी तिने त्याच जागी पुन्हा पायाभरणी केली.

शेजारचे कंपाउंडर हा सगळा प्रकार कुंपणावरून बघत होते. वसाहतीच्या दवाखान्यात ते हाताने औषधं देत आणि तोंडाने सल्ले. औषधं मोजून देत.

"साहेब, मी काय म्हणतो, पाडून काही होत नाही," ते म्हणाले. "तिला इथे यावंसंच वाटता कामा नये. पुदिन्याचा अर्क आणा. कोपऱ्याकोपऱ्यात कापसाचे बोळे लावा. वासाने फिरकायची नाही."

शेरेसाहेबांनी बोळे लावले. त्या दिवसापासून सगळ्या घराला टूथपेस्टचा वास येऊ लागला, बायकोचं डोकं दुखू लागलं, आणि आक्का म्हणाली, "दात कुणाचे पडलेत?" माशीने मात्र बोळ्यातला थोडा कापूस उपटून नेला. तो ती बांधकामाला वापरत होती की काय, ते काचेतून नीट दिसलं नाही.

"मग दुसरा उपाय," कंपाउंडर म्हणाले. "गांधीलमाशी दुसऱ्याच्या हद्दीत घर बांधत नाही. तपकिरी कागदाची पिशवी घ्या, फुगवा, टांगा. तिला वाटतं इथे आधीच कुणीतरी राहतंय."

शेरेसाहेबांनी कार्यालयातलं एक जुनं, वापरून झालेलं पाकीट आणलं. कोरं आणणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. पाकीट फुगवून छताला टांगलं. त्यावर 'तातडीचे' असं छापलेलं होतं. चौथ्या दिवशी माशीने त्याच पाकिटाच्या पोटाला घर बांधायला सुरुवात केली.

त्याच सुमारास कंपाउंडरांच्या फाटकाला रंग द्यायला एक रंगारी आला होता. अबोल माणूस. तीन दिवस त्याने शेरेसाहेबांची धावपळ पाहिली आणि चौथ्या दिवशी ब्रश पुसत म्हणाला, "छताला आकाशी मारा."

"काय?"

"आकाशी रंग. माशी वर बघते, तिला वाटतं हे आभाळ. आभाळाला घर कसं टांगणार? निघून जाते."

शेरेसाहेब तिथेच उभे राहिले. या युक्तिवादात त्यांनी चूक शोधून पाहिली. आभाळास आधार नाही; आधार नसल्यास देठ लावता येत नाही; देठाविना घर नाही. कागद निर्दोष होता. पुदिना आणि पाकीट हे नुसते सल्ले होते. याला मात्र आधार होता.

अडचण एकच. वसाहतीतल्या घरांना आतबाहेर हस्तिदंती रंग हा नियम होता, आणि दुसरा रंग द्यायचा तर देखभाल विभागाकडे नमुना क्रमांक बारा भरून परवानगी घ्यावी लागे.

"रविवारी दुपारी सगळे झोपलेले असतात," बायको म्हणाली. "एक डबा रंग, एक ब्रश. कोण बघतंय वर?"

शेरेसाहेबांनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने बँक लुटायची वेळ सुचवली होती.

देखभाल विभाग मागच्या इमारतीत होता. खिडकीतल्या कारकुनाने नमुना बारा सरकवला. शेरेसाहेबांनी तो उभ्याउभ्याच वाचला. रंग देण्याचे कारण (योग्य त्या ठिकाणी खूण करावी): अ, गळती. ब, पोपडे. क, आगीमुळे काळवंडणे. पुढे काहीच नव्हतं.

"यात 'इतर' दिसत नाही," ते म्हणाले.

"होता, सर," कारकून म्हणाला. "आठ वर्षांपूर्वी काढला. वरून कुणीतरी टिपणी पाठवली होती म्हणे, की 'इतर'मध्ये लोक वाटेल ते लिहितात."

ती टिपणी शेरेसाहेबांना चांगली आठवत होती. दीड पानाची होती. तिच्यात एक वाक्य असं होतं की, "'इतर' हे कारण नसून कारणाचा अभाव होय." ते वाक्य सुचलं त्या दिवशी त्यांनी घरी येऊन आक्काला म्हणून दाखवलं होतं.

"बरोबरच आहे ते," ते नमुन्याची घडी घालत म्हणाले.

"असेल, सर. पण तेव्हापासून आपल्या वसाहतीत फक्त गळती होते."

घरी येऊन त्यांनी अर्ज टेबलावर ठेवला आणि दोन दिवस त्याच्याभोवती फेऱ्या मारल्या. पोपडे नव्हते. आग लागली नव्हती. गळतीही नव्हती, पण कंपाउंडर म्हणाले, "साहेब, गळती लिहा. डोळे झाकून लिहा. माझ्या फाटकाचा रंग गळतीखालीच मंजूर झालाय."

"फाटक गळतं?"

"कुणी विचारलं नाही."

बायको म्हणाली, "अहो, खरं काय ते लिहा ना खाली चार ओळींत."

"खाली जागा नाही."

"मग मागे लिहा."

"मागील बाजूस काही लिहू नये, असं छापलंय."

"कुणी छापलंय?"

शेरेसाहेबांनी अर्ज उचलून खणात ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, स्वच्छ कपडे घालून त्यांनी 'अ' समोर खूण केली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कागदावर खोटं लिहिलं होतं, आणि ती खूण इतकी बारीक होती की कारकुनाला भिंगातून पाहावी लागली.

अर्ज गेला. अकरा दिवसांनी तो त्यांच्याच टेबलावर आला.

हे त्यांच्या ध्यानात यायला हवं होतं. हस्तिदंतीखेरीज दुसऱ्या रंगाचा प्रत्येक अर्ज छाननीला येतो, आणि छाननी म्हणजे ते. शाखेतली दुसरी खुर्ची चार वर्षं रिकामी होती. दुसरा कुणी असता तर त्याने डावीकडे बघत उजव्या हाताने सही ठोकली असती आणि चहा प्यायला गेला असता. पण एकतीस वर्षांत न तपासलेला कागद या टेबलावरून पुढे गेलेला नव्हता. शेरेसाहेबांनी चष्मा पुसला, समोर अर्जदार कोण आहे ते विसरायचा प्रामाणिक प्रयत्न केला आणि अर्ज वाचला. अर्ज संशयास्पद होता. त्यांनी लाल शाईत लिहिलं: "गळतीचे नेमके ठिकाण नमूद नाही. स्थळपाहणी करून अहवाल सादर व्हावा."

लिहून झाल्यावर त्यांना क्षणभर बरं वाटलं. आपण काय करून बसलो हे त्यांना जावक शिक्का पडल्यावर कळलं.

त्या शेऱ्याची प्रत अर्जदार म्हणून त्यांना घरच्या पत्त्यावर मिळाली. ती वाचून ते बायकोला म्हणाले, "या छाननीवाल्यांना दुसरा काही उद्योग नाही." हे वाक्य त्यांनी एकतीस वर्षं पाठीमागून ऐकलं होतं. ते बोलायला किती सोपं आहे, हे त्यांना त्या दिवशी समजलं.

पाहणीला ओव्हरसियर आणि एक गवंडी असे दोघं आले. दोघांनी वर पाहिलं. छत खडखडीत कोरडं होतं, मधोमध 'तातडीचे' पाकीट लटकत होतं.

"कुठे गळतं, साहेब?" ओव्हरसियरने विचारलं.

"नेमकं असं सांगता येणार नाही."

"पाऊस पडला की?"

"तेव्हाही नेमकं नाही."

ओव्हरसियर शहाणा माणूस होता. त्याने गवंड्याला जरा लांब पाठवलं आणि आवाज खाली आणला. "हे बघा, अर्जात गळती आहे म्हणजे गळती आहे. मी नाही म्हणून लिहिलं तर अर्ज खोटा ठरतो. आणि तुमचा अर्ज खोटा कसा असेल? तुम्ही तर साक्षात छाननी. तेव्हा गळती आपण शोधू. आत कुठेतरी असेल."

शेरेसाहेबांनी तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. पण 'साक्षात छाननी' हे शब्द त्यांच्या कानाला गोड लागले, आणि ते ओसरेपर्यंत गवंड्याने पहिला घाव घातला होता.

छताला सात ठिकाणी फोडलं. पाकीट गेलं, माशीचं घर गेलं, हस्तिदंती रंगही गेला. प्रत्येक भोकात गवंड्याने हात घातला आणि प्रत्येक वेळी कोरडा बाहेर काढला. आतल्या खोलीत आक्का डोक्यावर पदर घेऊन बसली होती, कारण भिंतीतून धूळ येत होती. तिने एकदाच विचारलं, "बाळ, तू त्यांना नक्की काय सांगितलंस?" शेरेसाहेब घरात बाळ होते. त्यांनी फडकं घेऊन तिच्या उशाची पेटी पुसायला घेतली.

ओव्हरसियरने अहवालात लिहिलं की गळती सुप्त स्वरूपाची असून, ती प्रकट होईपर्यंत छिद्रे निरीक्षणाखाली उघडी ठेवावीत.

आता गांधीलमाशीची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. छताला देठ चिकटवून उघड्यावर संसार थाटणं तिला कष्टाचंच असावं. इथे तिला सात जागा आयत्या मिळाल्या. अंधाऱ्या, कोरड्या, अभियांत्रिकी विभागाने प्रत्यक्ष हात घालून कोरड्या असल्याची खात्री केलेल्या. आठवड्याभरात पाच भोकांत बिऱ्हाडं आली. सहाव्यात कुंभारीण माशी आली आणि तिने चिखलाच्या गोळ्या आणून ते भोक व्यवस्थित लिंपून टाकलं. या साऱ्या प्रकरणात एक भोक बुजवलं असेल तर ते तिने.

माश्यांचा आवाज दारातून आत येऊ लागला. एका मंगळवारी संध्याकाळी शेरेसाहेब छत्री मिटून घरात आले तेव्हा आक्का खुर्चीत ताठ बसली होती.

"किती आहेत?" तिने विचारलं.

शेरेसाहेबांना आक्काशी खोटं बोलता येत नसे. अर्जाशी आलं, तेवढंच. "पाच," ते म्हणाले. "आणि एक मातीचं."

आक्काने मान हलवली. "बरं. धाकट्याला कळव. रविवारी ये म्हणावं मला न्यायला." मग स्वयंपाकघराकडे बघून, "वरची पातळं काढून ठेव गं," एवढंच म्हणाली आणि पुन्हा दाराकडे बघू लागली.

बायकोने पातळं काढली नाहीत. ती जाऊन ओट्यापाशी उभी राहिली आणि धुतलेलं भांडं पुन्हा धुऊ लागली.

त्या रात्री शेरेसाहेबांना जेवण गेलं नाही. मला कुणाचा राग येतोय, असं त्यांनी स्वतःला विचारलं. कंपाउंडरचा? तो सल्लेच देणार. ओव्हरसियरचा? त्याने आपली बाजू राखली. माशीचा तर प्रश्नच नव्हता. शोधत शोधत ते छाननी शाखेपर्यंत आले आणि तिथे थांबले.

बुधवारी सकाळी स्थळपाहणीचा अहवाल त्यांच्या टेबलावर आला. त्यांनी अर्ज, शेरा, अहवाल असं सगळं क्रमाने वाचलं. इतकं व्यवस्थित, इतकं सुसंगत खोटं प्रकरण त्यांनी नोकरीत पाहिलं नव्हतं. एकही सही कमी नव्हती. गळती सापडल्याशिवाय भोकं बुजणार नव्हती, आणि नसलेली गळती सापडणार नव्हती. ती नाही, असं कुणीतरी लिहिल्याशिवाय यातून सुटका नव्हती. आणि तसं लिहिण्याचा अधिकार असलेला माणूस याच खुर्चीत बसत होता.

त्यांनी लाल शाईचं पेन उचललं. "अर्जदाराने दिलेले कारण खोटे आहे. छत कोरडे आहे." खाली पूर्ण सही केली, तारीख घातली. मग पेन ठेवलं, निळ्या शाईचं घेतलं, अर्ज उलटा केला आणि जिथे काही लिहू नये असं छापलं होतं तिथे लिहायला सुरुवात केली.

"खरे कारण असे की, माझ्या थोरल्या बहिणीस गांधीलमाश्या चावल्यापासून ती व्हरांड्यात बसू शकत नाही. तिने मला वाढवले आहे. ती व्हरांड्यात दिसली की मला घरी आल्यासारखे वाटते. छत आकाशी केल्यास माश्या घर बांधत नाहीत, असे एका रंगाऱ्याचे म्हणणे आहे. ते खरे किंवा कसे, हे मला ठाऊक नाही. तरी परवानगी मिळावी, ही विनंती. वर दिलेल्या कारणाबद्दल मला लाज वाटते."

शेवटचं वाक्य नियमात बसत नाही असं त्यांच्या मनात आलं. पण ते खोडलं नाही.

कागद घेऊन ते स्वतः मोठ्या साहेबांकडे गेले. मोठ्या साहेबांनी पुढची बाजू वाचली, मागची वाचली आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"शेरेसाहेब, हे कशाला लिहिलंत? दोन वर्षं राहिली तुमची. फाडून टाका. मी पाहिलं नाही असं समजतो."

"आवक नोंद झाली आहे, साहेब."

"मला मेमो द्यावा लागेल."

"द्यावाच लागेल," शेरेसाहेब म्हणाले. "गोपनीय अहवालातही येईल. मी नियम पाहिला आहे."

मेमोचा मसुदा रीतीप्रमाणे छाननीला आला. त्यात शिस्तभंगाचं सौम्य कलम लावलेलं होतं. शेरेसाहेबांनी ते कापून योग्य ते लावलं आणि मसुदा परत पाठवला. त्या दिवशी ते टंकलेखन शाखेत शिरले तेव्हा पहिल्यांदाच त्यांना पाहून लोक हसले नाहीत. तेही त्यांना लागलं. हसले असते तर मान वर करून निघून जाता आलं असतं.

पण कागद खरा झाल्याबरोबर चमत्कार घडावा तसं काम पुढे सरकलं. गळती नाही म्हटल्यावर ती सात भोकं निरीक्षणाची राहिली नाहीत, ती कार्यालयाच्या मालमत्तेची नासधूस ठरली, आणि नासधूस तीन दिवसांत दुरुस्त करण्याचा नियम होता. शुक्रवारी गवंडी आला. त्याने धूर करून माश्या घालवल्या, आतली घरं खरवडून काढली आणि सातही भोकं सिमेंटने बुजवली. कुंभारणीचं भोकही फोडून पुन्हा बुजवलं, कारण ते मंजूर साहित्यात नव्हतं. छत बंद झालं. माश्या समोरच्या झाडावर गेल्या, आणि तिथून एखाद-दुसरी रोज येऊन छताची पाहणी करून जाऊ लागली.

रंगाचा प्रश्न तेवढा राहिला.

शनिवारी दुपारी शेरेसाहेब मेमो घेऊन घरी आले. सोबत अर्जाची प्रत जोडलेली होती. हा अर्ज सोडला तर पाटीपासून आजवर आपला कुठलाही कागद त्यांनी आक्कापासून लपवला नव्हता. त्यांनी तो तिच्या मांडीवर ठेवला आणि समोर उभे राहिले. बायको हात पुसत दारात आली.

आक्काने चष्मा लावला. मेमो वाचला, ओळीखाली बोट धरून. मग अर्ज वाचला. मग तो उलटा केला. मागची बाजू वाचायला तिला बराच वेळ लागला, आणि ती काही लांबलचक नव्हती.

"मागे काही लिहू नये म्हणून छापलंय इथे," ती म्हणाली.

"हो."

"मग?"

"लिहिलं."

आक्काने चष्मा काढून पदराने पुसला. "हे किती जणांनी वाचलं?"

शेरेसाहेबांनी आठवून सांगितलं, "आवकवाला, मोठे साहेब, त्यांचे दोन सहायक, टंकलेखक, देखभालचे चौघं. सगळ्यांच्या सह्या आहेत."

"घरी आल्यासारखं वाटतं, हे सगळ्यांनी वाचलं."

"हो."

उद्या रविवार होता. धाकट्याचं तिकीट निघालं होतं. परत घर झालं तर जाईन, असा शब्द तिने दिला होता, आणि घर एक सोडून सहा झाली होती. शेरेसाहेबांना हे माहीत होतं. शब्द फिरव, असं ते तिला म्हणू शकत नव्हते, कारण शब्द फिरवायचा नसतो हे त्यांना तिनेच शिकवलं होतं.

"रंगाचं काय झालं?" तिने विचारलं.

"प्रलंबित आहे. माझं कारण अर्जातल्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. आधी 'इतर' हा रकाना परत आणायला हवा. त्यासाठी समिती नेमली आहे."

"समितीत कोण?"

"अध्यक्ष अजून ठरायचे आहेत. कागद तपासायला मी."

"आणि याचा निकाल लागायला किती दिवस?"

शेरेसाहेब अंदाजाने काही बोलत नसत. त्यांनी मनात टप्पे मोजले. समितीची बैठक, इतिवृत्त, इतिवृत्तावर हरकती, नमुन्याची फेरछपाई, मग नव्या नमुन्यावर नवा अर्ज, त्याची छाननी. "पाच वर्षं," ते म्हणाले. "मध्ये कुणाची बदली झाली तर सात."

आक्काने अर्जाची घडी घातली. मेमोची घातली. दोन्ही कागद एकावर एक ठेवून, कडा जुळवून तिने ते आपल्या उशाच्या पेटीत ठेवले आणि पेटीचं झाकण लावलं.

"मग धाकट्याला फोन लाव," ती म्हणाली. "सांग त्याला, माझं प्रकरण चालू आहे. निकाल लागल्याशिवाय मला घर सोडता येत नाही."

शेरेसाहेबांनी फोन लावला. पहिल्यांदा नंबर चुकला, दुसऱ्यांदाही चुकला, कारण त्यांना आकडे नीट दिसत नव्हते. तिसऱ्यांदा बायकोने लावून दिला.